अष्टमीच्या दुपारी कॅमेरा घेऊन

मैत्रिणींनो, आज दुपारची कामं आवरली की एक गंमत करून बघा. घरातला अल्बम काढा, नाहीतर मोबाईलमधले फोटो उघडा, आणि त्यात स्वतःला शोधा. मुलांचे वाढदिवस सापडतील, यजमानांचा नव्या स्कूटरजवळचा फोटो सापडेल, नणंदेच्या बाळाचं बारसं सापडेल. तुम्ही सापडलातच तर एका कडेला, हातात ताट किंवा कडेवर मूल, आणि डोळे अर्धवट मिटलेले! बाकीच्या फोटोंत तुम्ही नाहीच, कारण ते काढलेत तुम्हीच.

पूर्वी क्लिक थ्री कॅमेरा कपाटात कुलपात असे. एका रोलवर बारा फोटो, ते पुरवून पुरवून काढायचे, आणि तो मान घरातल्या पुरुषांचा. आता फोन सगळ्यांच्या हातात आला, आणि फोटो काढण्याचे काम कसे कोण जाणे, भाजी निवडण्यासारखे आपोआप बाईकडे आले. काम आले, पण हौस म्हणून त्याकडे बघायला कुणी शिकवले नाही.

हौस एकटीने वाढत नाही, चार समानशील माणसे लागतात. छायाचित्रकारांची मंडळे आपल्याकडे जुनीच. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, आणि 1937 साली तिथेच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. हल्ली तालुक्याच्या गावीसुद्धा हौशी मंडळींचे गट असतात, त्यांच्या सहली निघतात. पण या सहलींचे वेळापत्रक पाहिलेत का कधी? रविवारी पहाटे पाच वाजता स्टेशनवर जमा! का, तर सूर्योदयाच्या वेळचा कोवळा उजेड फोटोला उत्तम. ते खरेच आहे. पण रविवारी पहाटे पाचला घराबाहेर पडायचे, म्हणजे शनिवारी रात्री अकरापर्यंत ओट्याशी उभे राहायचे, आणि आल्यावर ‘‘आज नाश्त्याला काय होतं माहीत आहे का? कालचा ब्रेड!’’ हे ऐकून घ्यायचे. रविवार हा घरातल्या सर्वांच्या सुट्टीचा दिवस, म्हणजे बाईच्या दुप्पट कामाचा. तेव्हा अशा सहलींना बायका का येत नाहीत, असे कुणी विचारले की मला त्या माणसाच्या घरच्या न्याहारीची चौकशी करावीशी वाटते.

बायकांना यातले काही जमत नाही म्हणावे, तर होमाई व्यारावाला यांचे काय करायचे? भारतातल्या या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म 1913 चा, आमच्याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवरच्या नवसारीचा. मुंबईत जे. जे. कला शाळेत शिकल्या, आणि पुढे ज्यांच्याशी लग्न झाले त्या माणेकशांकडून कॅमेरा शिकल्या. अवजड कॅमेरा गळ्यात, अंगात साडी, अशा थाटात त्यांनी दिल्लीत स्वातंत्र्याच्या काळातली सगळी मोठी माणसे टिपली. 1970 साली त्यांनी हे काम थांबवले. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि 2012 साली त्या गेल्या. त्यांचे अगदी सुरुवातीला छापून आलेले फोटो होते महिलांच्या एका क्लबच्या सहलीचे. फोटोमागे एक रुपया मिळाला होता. म्हणजे बायकांची सहल आणि कॅमेरा यांचे नाते चांगलेच जुने आहे! त्यांचे बरेच सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले, हेही जाता जाता सांगून ठेवते.

तर आता आमच्या सहलींविषयी. आम्ही सात-आठजणी आहोत, कुणी पामच्या, कुणी टेंभी-कुंभवलीच्या, दोघी बोईसरच्या वसाहतीतल्या. मी अर्धा वेळ शाळेत शिकवते, एक शिवणकाम करते, एकीचे यजमान एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला असतात म्हणून तिला दुपारी घरात आवाजही करता येत नाही. ती सगळ्यांत उत्साही. मंडळाला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. मोठा कॅमेरा एकीकडेच आहे, भावाने दिलेला. बाकी सगळ्या फोनवाल्या. सकाळचे डबे गेले की मुले घरी येईपर्यंत जे चार तास मिळतात, तेवढीच आमची सहल.

आता तुम्ही म्हणाल, भर दुपारी समुद्रावर काय बघणार? तर इथे आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंचे ज्ञान कामी आले. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ तिथीवरून तोंडी काढता येते. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. भरतीच्या आगेमागे सहा तासांवर ओहोटी. म्हणजे अष्टमीला ओहोटी पडते ऐन बाराच्या सुमारास, सप्तमीला सव्वा अकराला, नवमीला पाऊण वाजता. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. म्हणून आमच्या समुद्राकडच्या सहली अष्टमीच्या मागेपुढे, आडवारी. भिंतीवरचे कालनिर्णय उघडायचे, अष्टमी बघायची, त्या दिवशी कुणाकडे पाहुणे नाहीत ना एवढे विचारायचे, की ठरली सहल.

या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, तेव्हा किनाऱ्यावर पोचल्यावर एखाद्या कोळीदादाला विचारल्याशिवाय पाण्याकडे जायचे नाही. पावसाळ्यात तर नाहीच. शिवाय अष्टमीचे पाणी भांगाचे, ते फार आत जात नाही. केळव्याच्या समुद्रातला तो जहाजासारखा दिसणारा छोटा पाणकोट चालत जाऊन बघायचा असेल, तर अमावास्या-पौर्णिमेचे उधाण हवे, आणि त्या दिवशी ओहोटी पडते सकाळी सहाच्या सुमारास. ती एक सहल मात्र आम्ही पहाटेची केली, थंडीच्या दिवसांत, वर्षातून एकदा. त्या दिवशी घरोघर यजमानांनी पोहे केले. एका घरी म्हणे मीठ दोनदा पडले, पण कुणी उपाशी राहिले नाही. पाणी फिरायच्या आत मात्र परतायचे, फोटो कितीही चांगला मिळत असला तरी.

दुपारच्या उजेडाला फोटोग्राफर नाके मुरडतात. सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात, माणूस दहा वर्षांनी म्हातारे दिसते. त्यावर उपाय सोपा आहे, सावलीत जा! केळव्याला सुरूचे बन आहे, नाहीतर ओढून ठेवलेल्या होडीची सावली, घराची ओटी, जाळी विणायचा मांडव. सावलीत बसलेल्या माणसाच्या समोर ऊन पडलेली वाळू असली, तर ती वाळूच खालून उजेड परतवते आणि चेहरा उजळतो. अंगणात वाळू नसेल तर धुतलेली पांढरी चादर पसरा, तेच काम होते. फोनची काच तेलकट बोटांनी माखलेली असते, ती आधी मऊ सुती फडक्याने पुसा. निम्मे धूसर फोटो एवढ्यानेच सुधारतात. बोटांनी चित्र मोठे करू नका, त्यापेक्षा दोन पावले पुढे चला. मागे लख्ख आकाश असेल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेका, म्हणजे चेहरा काळा पडणार नाही. फ्लॅशच्या वाटेला जाऊच नका.

जागांना आमच्याकडे तोटा नाही. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल आली, त्यामुळे बोईसरहून केळवे रोड तीन स्टेशनांवर. तिथून रिक्षाने किनारा. वाटेत वाड्यांमधून विड्याच्या पानांचे वेल लावलेले दिसतात. त्या पानमळ्यात दुपारीसुद्धा हिरवा, गाळलेला उजेड असतो. तिथे काढलेला फोटो स्टुडिओत काढलेल्या फोटोच्या वर जातो. सातपाटीजवळच्या शिरगावला किल्ला आहे, पोर्तुगीजांच्या काळचा, वसईच्या मोहिमेत 1739 साली मराठ्यांनी घेतलेला. बुरुजांपेक्षा मला तिथला फांद्या फुटलेला ताड जास्त आवडतो, रावणताड म्हणतात त्याला. तटाच्या कमानीत उभे राहिले की बाहेरचे ऊन आणि आतला अंधार यांची छान चौकट मिळते.

सातपाटीला मात्र किल्ल्यासारखे जाऊन चालत नाही. ते कामाचे गाव आहे. पापलेटला 2023 साली राज्यमाशाचा मान मिळाला, पण तो मिळायच्या आधीपासून सातपाटीचे पापलेट घराघरांत माहीत होते. जूनच्या पहिल्या तारखेपासून पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते, तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात आणि जाळी दुरुस्त होत असतात. पाऊस सरला की बोंबील सुकायला लागतात. बांबूच्या वलांड्यांवर जोडी जोडीने अडकवलेले बोंबील, त्यांच्या खालून वाकून चालणाऱ्या बायका, हे दृश्य बघून कुणाचाही हात फोनकडे जाईल. तो हात जरा आवरायचा. आधी जाऊन उभे राहायचे, बोलायचे, काय भाव चाललाय विचारायचे, जमले तर घ्यायचेसुद्धा. मग विचारायचे, ‘‘मावशी, फोटो काढू का?’’ पहिल्या खेपेला एक मावशी म्हणाल्या, ‘‘काढ, पण आधी ही टोपली उचलायला हात लाव.’’ आमच्यातल्या दोघींनी टोपल्या उचलल्या. त्या दिवसाचे आमचे फोटो तिथे आधी काढलेल्या कुणाच्याही फोटोंपेक्षा चांगले आले, असे माझे मत आहे. टोपली किती जड असते ते कळल्यावर तिच्या मानेकडे बघायची नजर बदलते.

आमच्या किनारपट्टीच्या गावांतून घरोघरी डायमेकिंग चालते, म्हणजे दागिने घडवण्याचे पोलादी ठसे कोरायचे काम. खिडकीपाशी बसून, मान खाली घालून, बोटाएवढ्या पोलादावर नक्षी कोरायची. खिडकीतून एका बाजूने पडणारा उजेड आणि काम करणारे हात, यापेक्षा फोटोला आणखी काय हवे? अशा ठिकाणी नक्षीचा जवळून फोटो काढायचा नाही, हे आम्ही ठरवून टाकले आहे. नमुना हीच त्या माणसाची मिळकत असते. हातांचा काढावा.

एकदा डहाणू तालुक्यात गंजाडलाही गेलो. जिव्या सोमा म्हसे यांचे हे गाव. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, 2018 साली ते वारले. वारली चित्रे आता पडद्यांवर आणि कपबश्यांवर दिसतात, पण मुळात लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचा तो सवाशिणींनी, आणि विधी सांगायचे ते धवलेरीने, म्हणजे बाईनेच. म्हसे यांनी 1970 च्या सुमाराला ही कला कागदावर आणली आणि जगभर नेली, हे त्यांचे मोठेपण खरेच. पण भिंती सारवून त्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या त्या सगळ्या जणींची नावे कुठे आहेत? तिथे आम्ही फोटो काढले ते चित्र काढणाऱ्या बायकांचे, त्यांची नावे विचारून, लिहून घेऊन. चित्र आवडले तर विकत घ्यावे. फुकट फोटो काढून आणून घरी त्याची नक्कल करू नये. आणि अंगावरची वस्त्रे, दागिने बघून आदिवासी बाईला देखाव्यासारखे उभे करू नये. आपल्या दारात कुणी अनोळखी माणूस येऊन ‘‘जरा गॅसजवळ उभ्या राहा, पदर असा घ्या’’ म्हणाला तर आपल्याला चालेल का?

कुठे कॅमेरा काढायचा नाही, तेही सांगते. तारापूरचे अणुविद्युत केंद्र 1969 पासून आमच्या शेजारी आहे. त्याच्या परिसरात फोटोला मनाई असते, पाटी दिसो वा न दिसो. कारखान्यांच्या फाटकांवरही रखवालदार हटकतो. वाद घालू नये. तिथे काढण्यासारखे असतेच काय, धुराडी! चिंचणी-वाढवणच्या किनाऱ्यावर मात्र आम्ही मुद्दाम जातो. वाढवण बंदराला 2024 साली केंद्राची मंजुरी मिळाली, त्याच वर्षी 30 ऑगस्टला पालघरला त्याची पायाभरणी झाली. खर्चाचा आकडा 76 हजार कोटींच्या घरात. मच्छीमार मंडळींनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे, दुसऱ्या बाजूला नोकऱ्यांची आशाही आहे, आणि आमच्या सात-आठजणींतही यावर एकमत नाही. एकीचे माहेर तिकडचे, दुसरीचा मुलगा इंजिनिअरिंगला. त्या दोघी रिक्षात शेजारी बसतात आणि विषय काढत नाहीत. फोटो मात्र दोघी काढतात. खडकांचे, ओहोटीत कालवे काढणाऱ्या बायकांचे, किनाऱ्यावरून दिसणाऱ्या घरांचे. दर फोटोवर तारीख आणि जागा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विचारले तर दाखवता येईल.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. आमच्या भागात एक आजी वारल्या. ऐंशीच्या पुढच्या. शेतीची, वाडीची कामे करून सहा मुले वाढवलेल्या. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून मुलांनी घर पालथे घातले. आधार कार्डावरचा सोडला तर आजींचा एकटीचा फोटो कुठेच नव्हता. शेवटी एका नातवाच्या लग्नातला घोळक्याचा फोटो सापडला, स्टुडिओवाल्याने त्यातून आजींचा चेहरा कापून मोठा करून दिला. आज तो फोटो हार घालून लावलेला आहे. चेहरा पुसट आहे, आणि आजींच्या खांद्यावर कुणाचा तरी बांगड्या भरलेला हात तेवढा उरला आहे. कुणाचा ते घरात कुणालाच आठवत नाही.

ते बघून आल्यावर आम्ही ठरवले की दर सहलीला, कुठेही गेलो तरी, निदान एका वयस्कर बाईचा नीट, सावकाश फोटो काढायचा. तिच्या ओटीवर, तिच्या आवडीच्या लुगड्यात, हवे तर नथ घालून. घाई करायची नाही. पहिले पाच-सहा फोटो ताठ येतात, कवायतीला उभे राहिल्यासारखे. मग नातवंडांचा विषय काढायचा. ती बोलायला लागली, हसली, की हळूच बटण दाबायचे. त्यातला एक निवडून बोईसरला स्टुडिओत छापून आणायचा, पोस्टकार्डापेक्षा मोठा, आणि पुढच्या खेपेला स्वतः नेऊन द्यायचा. फोनवर पाठवून भागत नाही, कारण फोन मुलाचा असतो.

सोपे वाटते, पण तसे ते नाही. मुरब्याच्या बाजूला एका आजींना विचारले तर त्या आत निघून गेल्या. सुनेने सांगितले, ‘‘त्या नाही काढणार हो. आजोबा गेल्यापासून फोटोला उभ्याच राहत नाहीत. म्हणतात, कपाळ मोकळं, त्याचा फोटो कशाला?’’ आम्ही काही बोललो नाही. चहा झाला, अंगणातल्या तुळशीचा, मांजराचा फोटो काढला. निघताना आजी दाराशी आल्या आणि म्हणाल्या, ‘‘नुसत्या हातांचा काढतेस का?’’ आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईने हातांचा काढला. तांदूळ पाखडताना, सुपासकट. महिन्याभराने तो छापून नेऊन दिला, तेव्हा आजींनी तो बराच वेळ लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘आता तोंडाचा पण काढ. पण पांढऱ्या साडीत नको, ती निळी आहे ना, ती नेसते.’’ तो फोटो आम्ही कुणालाही दाखवलेला नाही, त्यांच्या घरातच आहे. त्यांची परवानगी तेवढ्यापुरतीच होती.

हा आमचा नियमच आहे. दुसऱ्या बाईचा फोटो तिला विचारल्याशिवाय स्टेटसला लावायचा नाही, कुठल्या गटावर पाठवायचा नाही, स्पर्धेला तर नाहीच. ‘‘पण किती सुंदर आलाय!’’ हे कारण चालत नाही.

आणखी एक छोटी गोष्ट सांगते, ती तुम्ही घरातही करू शकाल. छापलेल्या फोटोच्या मागे नाव लिहायचे, ते दोन्ही. सासरचे आणि माहेरचेसुद्धा. फोटोच्या पाठीवर शाई नीट टिकत नाही, म्हणून कागदी चिकटपट्टीवर लिहून ती लावायची. नाव, माहेरचे नाव, माहेरचे गाव, तारीख. एका आजींना माहेरचे नाव विचारले तेव्हा त्या जरा थांबल्या, मग लाजून हसल्या. ‘‘पंचावन्न वर्षांत कुणी विचारलं नव्हतं गं!’’ त्यांच्या थोरल्या मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा आईचे पाळण्यातले नाव ऐकले.

आणि हो, सहलीत एकमेकींचे फोटोही काढतो, पाळीपाळीने, दर खेपेला एकीचे. ती त्या दिवशी कॅमेरा धरत नाही, डबे उघडत नाही, कुणाला पाणी देत नाही. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा हातांचे काय करायचे तेच मला सुचेना!

घरच्यांच्या कुरकुरीविषयी लिहिण्यासारखे बरेच आहे, पण ते तुम्हाला मी सांगायला नको. ‘‘फोटो काढायला एवढ्या लांब कशाला, आमचेच काढ की!’’ हे वाक्य प्रत्येकीने ऐकले आहे. त्यावर वाद घालण्यापेक्षा छापलेला एक चांगला फोटो जेवणाच्या टेबलावर ठेवून द्यावा. तिसऱ्या पाळीवाल्या यजमानांनी असाच एक बघितला आणि आता ते स्वतःच विचारतात, ‘‘अष्टमी कधी आहे गं?’’

यंदा 19 ऑगस्टला, म्हणजे जागतिक छायाचित्रण दिनाला, निवडक फोटो कुणाच्या तरी पडवीत दोरीला चिमटे लावून टांगायचे आमच्या मनात आहे. उद्घाटन, हारतुरे काही नाही. ज्यांचे फोटो आहेत त्यांनाच बोलवायचे, आणि ज्यांनी नको म्हटले आहे त्यांचे टांगायचे नाहीत. चहा आणि वडे. त्याआधी एक सहल महालक्ष्मीच्या यात्रेची आहे. डहाणूजवळ विवळवेढ्याला चैत्र पौर्णिमेपासून ती भरते आणि पुढे पंधरा दिवस चालते. तिथे भरती-ओहोटीचा प्रश्न नाही, उन्हाचा आहे, म्हणून टोपी, पाणी आणि एक पांढरी चादर बरोबर घ्या. पौर्णिमेची गर्दी टाळून मधल्या आडवारी जा. आदल्या रात्री फोन पूर्ण चार्ज करा, आणि मुलांनी भरून ठेवलेले व्हिडिओ पुसून थोडी जागा मोकळी करा. ऐन पाळण्यापाशी ‘जागा शिल्लक नाही’ अशी पाटी आली, तर बांगड्यांच्या दुकानांकडे वळण्यावाचून काही उरत नाही!